मोरगावची लेक आणि मुलांच्या गोष्टी

बचत गटाच्या कार्यक्रमात आम्ही एरवी हप्ता, व्याज, शेळीपालन, नाहीतर शिवणकाम याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. लहान मुलांसाठी लिहितं कोण, कसं आणि कधीपासून, याची आज गोष्ट सांगायची आहे. ती सांगायचं कारण म्हणजे आमच्या गटानं यंदा मुलांसाठी एक छोटी पुस्तिका केली. ती करताना आम्ही चुकलो, आपसात भांडलोही. मग आमच्याआधी हे काम केलेल्या माणसांचा शोध घेतला, तेव्हा एक धागा थेट आपल्या बारामती तालुक्यात येऊन पोचला.

बारामती म्हटलं की कवी मोरोपंतांचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. पण याच तालुक्यातल्या मोरगावात १९१० साली एक मुलगी जन्माला आली. मोरगावला आपण मयूरेश्वराच्या दर्शनाला जातो, कऱ्हेच्या काठानं येतो-जातो, पण त्या मुलीचं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आम्हालाही नव्हतं. त्या म्हणजे अनुताई वाघ. त्यांच्याकडे येऊच, पण आधी आमच्या गटात काय घडलं ते सांगतो.

आमच्या अंगणवाडीला कुणीतरी पुस्तकांचं खोकं भेट दिलं. पुस्तकं गुळगुळीत कागदाची, रंगीत, छान होती. सेविकाताईंनी त्यातली एक गोष्ट वाचायला घेतली. गोष्टीतला मुलगा लिफ्टनं सातव्या मजल्यावर जातो आणि त्याचा फुगा गॅलरीतून उडून जातो. मुलं दोन मिनिटं ऐकत बसली, मग एक उठलं, दुसरं उठलं. लिफ्ट काय, गॅलरी काय, हे समजावण्यातच गोष्ट संपली. पोषण आहार शिजवायला आलेली आमच्या गटातली एक आजी हे बघत होती. ती म्हणाली, "थांबा गं, मी सांगते." आणि तिनं म्हशीची गोष्ट सांगितली.

उन्हाळ्याचे दिवस. पाटाचं आवर्तन सुटलंय. म्हैस चारीत जाऊन बसली ती उठेचना. तिच्या अंगानं पाणी तुंबलं. खालच्या वावरात एक जण दारं धरायला थांबलाय, त्याचं पाणी आटलं. तो ओरडत आला. मग पाटकरी आला, सरपंच आला, कुणी शेपूट ओढली, कुणी कडबा दाखवला. म्हैस आपली डोळे मिटून बसलेली. शेवटी लांब गोठ्यात रेडकू ओरडलं. म्हैस उठली, अंग झटकलं आणि घराकडं चालायला लागली.

मुलं हसून हसून लोळत होती. दुसऱ्या दिवशी "म्हशीची सांगा, म्हशीची सांगा" म्हणून आजीच्या मागं लागली. तेव्हा आम्हाला वाटलं, ही गोष्ट कागदावर यायला पाहिजे. पण लिहायला बसलो तेव्हा कळलं की मुलांसाठी लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. म्हणून मागं वळून बघितलं.

मराठीत मुलांसाठी छापलेलं पुस्तक दोनशे वर्षांहून जुनं आहे, आणि ते पुण्या-मुंबईत छापलेलं नाही. तमिळ मुलखातल्या तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या सरफोजी राजांनी १८०६ साली इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापवून घेतलं. त्याचं नाव 'बालबोध मुक्तावली'. पुढं मुंबई इलाख्यात इंग्रजांनी शाळा काढल्या आणि शाळेला पुस्तकं लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' केलं. मूळ पुस्तक बेर्कँ नावाच्या फ्रेंच लेखकाचं, त्याचं इंग्रजी झालं आणि इंग्रजीवरून मराठी. फ्रान्समधल्या घरातली मुलं अशी आपल्या भाषेत बोलायला लागली.

मग मासिकं आली. विनायक कोंडदेव ओक शिक्षणखात्यात नोकरीला होते. त्यांनी १८८१ साली 'बालबोध' नावाचं मासिक काढलं आणि १९१४ साली मरेपर्यंत चालवलं. तेहतीस वर्षं, चारशेच्या आसपास अंक, आणि त्यातला बहुतेक मजकूर त्यांनी स्वतः लिहिलेला. थोरांची चरित्रं, कविता, निबंध, शास्त्राची माहिती, सगळं एकाच हातचं. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केलं. शब्दांचा मोठा कोश करणारा हा विद्वान माणूस, पण मुलांसाठी लिहिताना सोपं लिहायचा.

या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. आपल्या सासू-सासऱ्यांच्या पिढीतल्या ज्यांनी शाळा पाहिली, ती पिढी अशाच लिखाणावर वाढली. पण दोन गोष्टी आम्हाला खटकल्या, त्या सांगतो. एक म्हणजे या लिखाणातला मुलगा बहुतेक वेळा शहाणा करायचा मुलगा आहे. त्याला बोध द्यायचा, वळण लावायचं, म्हणून गोष्ट. दुसरं म्हणजे ही जी नावं आम्ही घेतली, त्यांत एकही बाई नाही. घराघरात अंगाई, गोष्टी, उखाणे, कोडी कोण सांगत होतं? बायाच ना? मग कागदावर येताना त्या कुठं गेल्या?

त्याचं एक उत्तर साने गुरुजींकडे मिळतं. 'श्यामची आई' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपात आली. ती गोष्ट कुणाची? कोकणातल्या एका गरीब आईची. तिचं बोलणं, तिचं रागावणं, तिची माया लेकानं लक्षात ठेवली आणि लिहिली. म्हणजे बाई कागदावर आली ती लेकाच्या हातानं.

गुरुजींची आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. अमळनेरला ते शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून एक दैनिक काढायचे. नाव 'छात्रालय'. छापखाना नाही, खर्च नाही. समोर बसणाऱ्या मुलांसाठी रोज लिहायचं. पुढं पुतणी सुधा हिला त्यांनी पत्रं लिहिली, ती 'सुंदर पत्रे' या नावानं पुस्तक होऊन राहिली. अगदी असंच लांब इंग्लंडातही झालं होतं. बिअॅट्रिक्स पॉटर नावाच्या बाईनं १८९३ साली एका आजारी मुलाला करमणूक म्हणून चित्रांचं पत्र लिहिलं. त्यात सशाची गोष्ट होती. पुढं तिनं त्याचं पुस्तक करायचं ठरवलं तर प्रकाशकांनी नाकारलं. तिनं १९०१ साली स्वतःच्या पैशानं अडीचशे प्रती छापल्या. मग एका प्रकाशकानं ते १९०२ साली काढलं आणि आज ते पुस्तक जगभर आहे. सगळ्या मुलांसाठी म्हणून कुणी लिहायला बसलं नव्हतं. एका मुलासाठी लिहिलं, ते बाकीच्यांना आवडलं.

आता आपल्या मोरगावच्या लेकीकडं येऊ.

अनुताईंचं लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणं तेराव्या वर्षी झालं आणि थोड्याच महिन्यांत नवरा वारला. तेव्हा विधवा मुलीचं पुढं काय व्हायचं ते आपल्याला सांगायला नको. पण त्या शिकल्या. मास्तरीण झाल्या. नाशिककडं चांदवडला शिकवलं, मग पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत शिकवलं. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत जाऊन स्वतः मॅट्रिक व्हायचं, असं चाललं होतं. बी.ए.ची पदवी तर त्यांनी पन्नाशीच्या सुमाराला घेतली. आमच्या गटात बऱ्याच जणी म्हणतात, आता काय शिकायचं वय राहिलं? त्यांना आम्ही हल्ली अनुताईंचं नाव सांगतो.

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. तिथं अनुताईंना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई वयानं अठरा वर्षांनी मोठ्या. त्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करून आलेल्या. इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी शिकून घेतली होती. मूल हातानं करत करत शिकतं, त्याला मारायचं नाही, ओरडायचं नाही, असं ती पद्धत सांगते. ताराबाई आणि गिजुभाईंनी 'शिक्षणपत्रिका' काढली होती. तिची मराठी आवृत्ती १९३३ पासून निघत होती, आईबापांनी आणि शिक्षकांनी वाचायची. शहरात बालमंदिरं चालवून झाली होती. आता ताराबाईंना ते काम खेड्यात न्यायचं होतं. अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या, आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं, १९९२ साली मरेपर्यंत, त्याच कामात राहिल्या.

बोर्डी समुद्राकाठचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. बालवाडी उघडली तर गरिबांची मुलं येईनात. घरात धाकटं भावंड सांभाळायचं असतं, आई कामाला गेलेली असते, अंगावर धड कपडा नसतो. मग या दोघींनी काय केलं? मुलं येत नाहीत तर आपण जाऊ म्हणाल्या. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात, झाडाच्या सावलीत बालवाडी भरवायला लागल्या. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. मैत्रिणींनो, २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या झाल्या. आपण रोज तोंडात घेतो तो शब्द त्याच्या कितीतरी आधी बोर्डीच्या अंगणात वापरात होता.

पुढं १९५७ च्या सुमाराला हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी केली, तिला विकासवाडी म्हणायचे. म्हणजे मोठी बहीण शाळेत बसली तर धाकटं भावंड पाळणाघरात राहील, आणि भावंड सांभाळायला म्हणून बहिणीची शाळा सुटणार नाही. तरी काही मुलं यायची नाहीत, कारण ती गुरं राखायला जायची. मग शिक्षक गुरांच्या मागं कुरणात गेले. गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत. त्याला नाव पडलं कुरणशाळा.

आता तुम्ही म्हणाल, यात लिहिण्याचं काय आलं? सगळं लिहिणं यातच आलं. शहरातल्या बालमंदिरात माँटेसरीचं महागडं लाकडी साहित्य होतं. ते इथं परवडणारं नव्हतं. म्हणून दगड, पानं, बिया, शिंपले, माती हेच साहित्य झालं. जे साहित्याचं, तेच गाण्या-गोष्टींचं. शहरी गाण्यातली बाहुली आणि मोटार या मुलांनी पाहिलेली नव्हती. त्यांच्या भोवती झाडं होती, गुरं होती, पाऊस होता, समुद्र होता. मूल आधी समजून घ्यायचं, त्याच्या भोवतीचं जग बघायचं, त्याची भाषा कानावर पडू द्यायची आणि मग त्यासाठी लिहायचं, हा क्रम त्या दोघींनी पाळला. ताराबाईंनी मुलांसाठी 'नदीची गोष्ट' लिहिली आणि मोठ्यांसाठी 'बालकांचा हट्ट'. अनुताईंनी 'बालवाडी कशी चालवावी' लिहिलं, 'शिक्षणपत्रिके'चं संपादन वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि स्वतःच्या आयुष्याचं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर अनुताईंनी एकट्यानं तो सगळा व्याप ओढला. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघींमुळं आमच्या लक्षात आलं की बाईनं कुणाच्या हातानं कागदावर यायची वाट बघायची गरज नाही. ती स्वतः लिहू शकते, आणि मुलासमोर बसून लिहू शकते.

हे सगळं वाचल्यावर आम्ही आमची वही काढली आणि म्हशीची गोष्ट पुन्हा वाचली. खरं सांगतो, आम्हालाच लाज वाटली. आम्ही पहिल्यांदा जे लिहिलं होतं त्यात आजीच्या गोष्टीचं पार वाटोळं केलं होतं. "एके काळी एका निसर्गरम्य गावात एक म्हैस राहत होती" अशी सुरुवात. "दारं धरायला" हे काढून "शेताला पाणी देण्यासाठी" केलं होतं. आणि शेवटी तात्पर्य लिहिलं होतं, की आईचं प्रेम सगळ्यात श्रेष्ठ असतं. आम्ही बैठकीत ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा आजी गप्प बसून राहिली. मग म्हणाली, "ही माझी गोष्ट न्हाय."

आम्ही विचारलं, "का हो आजी?"

"माझी म्हैस राहत नव्हती, बसली होती. आन् दारं धरायला म्हटल्याबिगर पोरांना कसं कळंल राती बाप कुठं जातो ते? म्हैस उठली, गोष्ट सपली. पुढचं कशाला सांगत बसता?"

त्या बैठकीत आम्ही जे शिकलो ते कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नसतो. आपल्याकडं रात्री वीज असली की बाप दारं धरायला जातो, हे इथल्या चार वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. तो शब्द काढला की गोष्टीतलं आपलं गाव निघून जातं. शहरातल्या वाचकाला तो शब्द कळणार नाही, हे खरं. पण आम्ही लिहीत कुणासाठी होतो? भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला, तेव्हा त्याला फुरसुंगीचा केला. फुरसुंगी आपल्याच पुणे जिल्ह्यातली. त्या गावच्या पोराला आपल्या गावाचं नाव छापलेलं दिसलं तेव्हा काय वाटलं असेल, विचार करा. पुण्याच्या माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात. त्यांच्या पुस्तकांतली मुलं घरातल्या साध्या गोष्टी करतात आणि मागून कुणी तात्पर्य सांगायला येत नाही.

आम्ही गोष्ट पुन्हा लिहिली. यावेळी आजीनं सांगायची, एकीनं लिहायची, आणि लगेच वाचून दाखवायची. आजी "हां" म्हणाली तरच पुढचं वाक्य. मग अंगणवाडीत नेऊन वाचली. जिथं मुलं उठली तिथं खूण केली आणि ती जागा बदलली. तीन वेळा असं केलं.

मग भांडण झालं ते नावावरून. पुस्तिकेवर काय लिहायचं? काही जणी म्हणाल्या, गटाचं नाव टाका. आजीचा मुलगा म्हणाला, "नाव छापून म्हातारीला काय मिळणार आहे?" आजी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एकटीला सांगितलं की पूर्वी एकदा बाहेरून कुणी आलं होतं, टेप घेऊन. तिनं दोन तास ओव्या म्हटल्या. चहा पाजला. ते लोक गेले आणि पुन्हा काही कळलं नाही. त्या ओव्या कुठं छापल्या का, कुठं वाजल्या का, तिला माहीत नाही.

असं करायलाच हवं असं नाही, याचंही उदाहरण आपल्या जवळच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवलं. त्यामुळं आज ती ओवी ऐकताना ती कुणी म्हटली हे कळतं. आम्ही ठरवलं की आपणही तसंच करायचं. मुखपृष्ठावर आजीचं नाव वर आणि लिहिणारीचं खाली.

नावापाठोपाठ पैशाचा विषय आला. एक सदस्या सरळ म्हणाली, "गोष्टींनी हप्ता फिटतो का?" तिचा प्रश्न बरोबर होता, म्हणून आम्ही माहिती काढली. ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

मुलांसाठी लिहून श्रीमंत झालेली माणसं थोडी. ओकांना सरकारी नोकरी होती, अनुताई संस्थेच्या कामावर राहिल्या. पण लिहिलेल्याचा हक्क ही मालमत्ता आहे, आपल्या शेळी-मशीनसारखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी दिला हे कागदावर लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून प्रकाशकानं कागद पुढं केला तर तीन गोष्टी बघायच्या: किती वर्षांसाठी, एकरकमी पैसे की छापील किमतीवर टक्का, आणि नाव कुठं येणार. चित्रांच्या पुस्तकात तो टक्का लिहिणारी आणि चित्रकार यांच्यात वाटला जातो, हेही आधी विचारून घ्यायचं. जुनी लोककथा कुणा एकीची नसते, पण आजीनं तिच्या शब्दांत सांगितलेली गोष्ट तिची आहे, असं आम्ही मानलं. पुस्तिका विकून आलेल्या पैशातला अर्धा वाटा आजीच्या खात्यावर जमा केला. त्यानं हप्ता फिटला नाही. पण आजीनं पासबुक दोनदा उघडून बघितलं.

पुस्तिका करायला छापखाना लागला नाही. चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की सोळा पानांची पुस्तिका होते. मधल्या घडीवर दोन टाचण्या मारायच्या, नाहीतर सुई-दोऱ्यानं शिवायचं. शिवण आपल्याला येतेच. एका पानावर दोन ओळी आणि चित्र, त्याहून जास्त नको. चित्रं शाळेतल्या मुलींनी काढली. मूळ प्रतीच्या झेरॉक्स काढल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायला काही बायांनी त्या विकत घेतल्या.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना आम्हाला अजून चैन पडत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, नगरकडून. कोप्या पडतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात, आणि मुलं कोपीपाशी, नाहीतर फडातच. काही ठिकाणी साखरशाळा चालतात, काही मुलं आपल्या अंगणवाडीत येऊन बसतात. आमच्याकडं अशी एक पाच वर्षांची मुलगी यायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तिनं म्हशीची गोष्ट ऐकली, हसली, आणि मग विचारलं, "आमचे बैल कुठंयत?"

गोष्टीत बैल नव्हते. पाटाचं पाणी, चारी, दारं, सगळं आमचं होतं. त्या मुलीच्या घरी गाडी आहे, बैल आहेत, रात्री गाडीखाली झोपायचं आहे. आम्ही शहरी पुस्तकावर रागावलो होतो की त्यात आमची मुलं नाहीत. आणि आमच्या पुस्तिकेत ती मुलगी नव्हती.

कोसबाडला शिक्षक गुरांच्या मागं कुरणात गेले, ते आम्ही आधी फक्त वाचलं होतं. त्या दिवशी आमच्यातल्या तिघी जणी संध्याकाळी कोपीवर गेल्या. मुलीची आई चुलीपाशी होती, दिवसभर मोळ्या बांधून दमलेली. आम्ही विचारलं, "बाई, पोरांना कुठली गोष्ट सांगता?" ती हसली. म्हणाली, "गोष्ट सांगायला जाग कुठं राहते ताई? पडलं की झोप." मग थोडा वेळ थांबून तिनं बैलाची एक गोष्ट सांगितली. तिच्या आईनं तिला सांगितलेली. आम्ही लिहून घेतली, तिथंच वाचून दाखवली, तिचं आणि गावाचं नाव विचारून वहीत टाकलं. तिनं दोन शब्द बदलायला सांगितले.

दुसरी पुस्तिका त्या गोष्टीची होणार होती. पण मार्च उजाडला, कारखान्याचं गाळप संपलं, आणि आम्ही चित्रं पुरी करायच्या आत टोळी निघून गेली. मुलगी जाताना म्हशीची पुस्तिका घेऊन गेली. बैलांची तिला द्यायची राहिली. पुस्तिका आता तयार आहे, आईचं नाव मुखपृष्ठावर आहे. पुढच्या हंगामात ती टोळी याच फडावर येईल की नाही, ते मुकादमाला विचारलंय.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात एखादी आजी गोष्ट सांगत असेल, किंवा कोपीवर एखादी आई पोराला थोपटताना काही म्हणत असेल, तर पुढच्या बैठकीला वही घेऊन जा. ती सांगेल तसंच लिहा आणि तिला वाचून दाखवा. तिचं नाव आणि गाव लिहायला विसरू नका. वाचायला आणखी गोष्टी हव्या असतील तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. आणि मोरगावला दर्शनाला गेलात तर येताना मुलांना सांगा, की अंगणवाडी हे नाव ज्या अंगणात पडलं, तिथं आयुष्य घालवणाऱ्या अनुताई याच गावात जन्मल्या होत्या.

आणि हो, टोळ्या यायला लागल्या की कामाची घाई करा. आम्हाला उशीर झाला, तसा तुम्हाला होऊ देऊ नका.